अस्वलाची चाकरी

अस्वल म्हटले की आपल्याकडच्या जुन्या माणसांना दरवेशी आठवतो. दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीच्या गाड्या लागत. त्या गर्दीत डमरू वाजे. दरवेशाच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला काळे, केसाळ अस्वल. ते दोन पायांवर उभे राही. थयथय नाचे. सलाम करी. पोरे टाळ्या पिटीत. एखादी आई आपले लेकरू अस्वलाच्या पाठीवर बसवी. म्हणे, पोर आता भिणार नाही. कोणी अस्वलाचा केस ताइतात घालून मुलाच्या गळ्यात बांधी. म्हणे, दृष्ट लागणार नाही.

आता हा खेळ गावात येत नाही. हल्लीच्या पोरांनी तो पाहिलेलाही नाही. मग ती नाचणारी अस्वले गेली कुठे? त्यांना आता खाऊ कोण घालतो? त्यांचा गोठा कोण झाडतो? आणि लांबलांबची माणसे पदरचा पैसा खर्चून त्यांची चाकरी करायला का जातात? हे आम्ही या धड्यात सांगणार आहोत.

अस्वल कसे असते

अस्वल आपल्याला परके नाही. रामायणात जांबुवंत आहे, तो अस्वलच. सातपुड्याच्या जंगलात, यावलपासून मेळघाटापर्यंत, आजही अस्वले आहेत. यावलच्या जंगलाला १९६९ साली अभयारण्य ठरवले. अभयारण्य म्हणजे जिथे रानातल्या जनावराला अभय आहे, भय नाही, असे राखलेले रान.

मोठे नर अस्वल ज्वारीच्या भरल्या पोत्याहूनही जड असते. छातीवर पांढरट पट्टा असतो. नखे बोटभर लांब आणि वाकडी. ही नखे शिकारीसाठी नसतात बरं का! ती वारूळ खणण्यासाठी असतात. अस्वलाचे मुख्य अन्न म्हणजे वाळवी, मुंग्या, मध आणि रानफळे. बोरे, जांभळे, टेंभुर्णी, मोहाची फुले हे सारे त्याला आवडते.

वाळवी खाण्याची त्याची तऱ्हा मोठी मजेची आहे. वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात त्याला नसतातच. तिथे मोकळी फट असते. वारूळ फोडल्यावर ते आधी फुंकर मारून माती उडवते. मग नाकपुड्या मिटून घेते, ओठ लांब करते आणि भात्यासारखी हवा ओढते. वाळवी आपोआप तोंडात जाते. त्याचा आवाज शंभर पावलांवरही ऐकू येतो.

अस्वलाची नजर मंद असते. पण नाक फार तीक्ष्ण. जमिनीखालची वाळवी ते वासाने ओळखते. म्हणजे शेतकऱ्याला जसे हात, तसे अस्वलाला नाक. हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचे कारण येणार आहे.

अस्वलीण बहुधा थंडीच्या दिवसांत विते. एक किंवा दोन पिले होतात. पिले थोडी मोठी झाली की ती त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. पाठीवर पिलांना नेणारे असे दुसरे अस्वल जगात क्वचितच दिसते. दोन वर्षे, कधी त्याहून जास्त, पिले आईजवळ राहतात.

नावाची गंमत

इंग्रजीत आपल्या अस्वलाला 'स्लॉथ बेअर' म्हणतात. बेअर म्हणजे अस्वल. पण स्लॉथ म्हणजे काय? स्लॉथ हे निराळेच जनावर आहे. ते आपल्या देशात नाही. ते सातासमुद्रापार, मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या दाट जंगलात राहते. झाडाच्या फांदीला लांब नखांनी उलटे लटकून राहायचे आणि पाने खायची, हा त्याचा संसार. पाने पचायला त्याला कितीतरी दिवस लागतात. म्हणून अंगात जोर कमी, आणि चाल अगदी मंद. शौचासाठी ते झाडावरून खाली उतरते, तेही आठवड्यातून एखादे वेळी. त्याच्या केसांत हिरवे शेवाळ वाढते. इंग्रजीत स्लॉथ या शब्दाचा अर्थच आळस असा आहे.

मग हे नाव आपल्या अस्वलाला कसे लागले? १७९१ साली जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज पंडिताने आपल्याकडच्या अस्वलाचे वर्णन लिहिले. लांब वाकडी नखे आणि पुढचे दात नाहीत, हे पाहून त्याला वाटले की हे स्लॉथचेच भावंड आहे. पुढे जाणत्यांनी ओळखले की हे तर अस्वल! चूक सुधारली, पण नाव चिकटले ते चिकटलेच. खरे पाहता अस्वल आळशी मुळीच नाही. पळायला लागले तर माणसाला सहज गाठते.

नावाने जोडलेल्या या दोन जनावरांचे एक दुःख मात्र सारखे आहे. अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात रस्ते झाले, विजेच्या तारा आल्या, जंगल तुटले. स्लॉथ तारेला चिकटून मरतात. पिले पोरकी होतात. कोणी त्यांना पकडून प्रवाशांच्या हातात देतो आणि फोटोचे पैसे घेतो. तिथे अशा पोरक्या पिलांना सांभाळणारी आश्रयस्थाने निघाली आहेत. देशोदेशीची माणसे तिथे सेवेला जातात. स्लॉथच्या पिलाला आईच्या अंगाला बिलगून राहायची सवय असते. म्हणून सेवक त्याला कापडाची बाहुली बिलगायला देतात. आपल्या देशात हेच काम अस्वलांसाठी चालते.

नाचामागचे दुःख

अस्वल नाचते कसे? त्याला नाच शिकवतात, असे लोक समजत. तसं नाही. त्याला भय शिकवतात.

अस्वलाची पिले काही आठवड्यांची असतानाच गुहेतून चोरीत. आई जिवंत असताना पिलाला हात लावणे शक्य नाही. म्हणून पुष्कळदा आईला मारीत. मग पिलाच्या नाकातून तापलेली सळई आरपार घालीत आणि त्या भोकातून दोरी ओवीत. बैलाला वेसण असते, मग अस्वलाला घातली तर काय बिघडले, असे कोणी विचारील. पण बैल पिढ्यान् पिढ्या आपल्या दावणीचा आहे. अस्वल रानातले आहे, आणि नाक हेच त्याचे हात हे आम्ही वर सांगितले. ती जखम पुरती भरू देत नसत. दोरीला झटका दिला की कळ मस्तकात जाई. कळ चुकवायला ते जनावर उड्या मारी. बघणारा म्हणे, अस्वल नाचते आहे!

शिवाय ते चावू नये म्हणून सुळे तोडीत. बोचकारू नये म्हणून नखे कापीत. भाकरतुकडा खाऊन ते वाढे. अनेक अस्वले आंधळी झाली. अनेकांना क्षय जडला.

यात दरवेशीही सुखी नव्हता, हेही सांगितले पाहिजे. उत्तरेत या लोकांना कलंदर म्हणतात. हा त्यांचा बापजाद्यांचा धंदा. घर नाही, शेत नाही, शाळा नाही. अस्वल उपाशी, आणि धनीही अर्धपोटी. एका दोरीची दोन टोके होती, आणि दोन्ही टोकांना दैन्यच होते.

१९७२ साली सरकारने वन्यजीव संरक्षणाचा कायदा केला. त्या कायद्याने अस्वल पकडणे, मारणे, बाळगणे, त्याचे नख-केस विकणे हा गुन्हा आहे. आज त्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. पण कायदा कागदावर आला म्हणजे रस्त्यावर आला, असे होत नाही. पुढची पंचवीस-तीस वर्षे अस्वले नाचतच राहिली. कारण एकच. अस्वल सोडवले तर ते ठेवायचे कुठे, आणि दरवेशाने खायचे काय?

आग्र्याचे अस्वलघर

या प्रश्नाला दोन माणसे भिडली. कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी अशी त्यांची नावे. त्यांनी १९९५ साली वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था काढली. उत्तर प्रदेशच्या वनखात्याच्या जोडीने आग्र्याजवळ, मथुरेच्या रस्त्याला कीठम येथे, सूर सरोवर पक्षी अभयारण्यात त्यांनी अस्वलांसाठी घर बांधायला घेतले. ते साल १९९९. २००२ च्या अखेरीस पहिली अस्वले तिथे आली. पुढे कर्नाटकात बन्नेरघट्टा, मध्य प्रदेशात भोपाळचे वनविहार आणि बंगालमध्ये पुरुलिया इथेही अशी घरे झाली. सारी मिळून सहाशेहून जास्त अस्वले सोडवली गेली. २००९ च्या डिसेंबरात कर्नाटकात एक अस्वल दोरीतून सुटले, आणि रस्त्यावरचा हा खेळ आपल्या देशातून संपला असे धरले जाते. त्यानंतर चोरून बाळगलेली एखाददुसरी सापडली, तीही सोडवली.

दोंडाईच्याहून ताप्ती लाईनच्या गाडीने भुसावळ गाठले की पुढे आग्र्याची गाडी मिळते. वाटेत भोपाळही लागते. म्हणजे हे काही दुसऱ्या जगातले काम नाही.

अस्वल आणले की पहिले काम दोरी कापण्याचे. मग डॉक्टर नाकाची जखम धुतात, दात पाहतात, डोळे पाहतात. काही दिवस त्याला इतरांपासून वेगळे ठेवतात, कारण क्षय एकाचा दुसऱ्याला लागतो. मग त्याला झाडे असलेल्या, कुंपण घातलेल्या मोकळ्या रानात सोडतात.

तुम्ही विचाराल, सरळ जंगलातच का सोडून देत नाहीत? नाही सोडता येत. सुळे नाहीत, दृष्टी अधू, आणि वारूळ कसे शोधावे हे शिकवायला आई मिळालीच नाही. असे अस्वल जंगलात चार दिवस जगणार नाही. म्हणून त्याला मरेपर्यंत सांभाळावे लागते. अस्वल अशा जागी तीस वर्षेही जगू शकते. म्हणजे हे काम एका दिवसाच्या दानाचे नाही. जन्मभराच्या चाकरीचे आहे. पगारी माणसे आहेतच, पण हात कमी पडतात. म्हणून सेवक लागतात.

चाकरी म्हणजे काय

असा सेवक पगार घेत नाही. उलट राहण्याजेवणाचा खर्चही बहुधा स्वतःच देतो. कोणी आठवडा राहतो, कोणी महिना. त्याला वाटत असते की आपण अस्वलाला कुरवाळू, मांडीवर घेऊ. पहिल्याच दिवशी त्याला सांगतात की अस्वलाला हात लावायचा नाही!

मग तो करतो काय? ऐका.

सकाळी अस्वलांना लापशी देतात. धान्याची लापशी मोठ्या भांड्यांत शिजवायची, निववायची आणि पाळीपाळीने पोचवायची. दुपारी फळे. कलिंगडे, केळी, पपई यांच्या पाट्याच्या पाट्या चिरायच्या. संध्याकाळी पुन्हा लापशी. राखणदार अस्वलांना एका बाजूला नेऊन दार लावतो. मग सेवकाने आत जाऊन विष्ठा भरायची, फरशी धुवायची, पाण्याचे हौद घासायचे. ज्याने गोठा झाडला आहे त्याला हे काम नवीन नाही.

यापुढचे काम मात्र नवीन आहे. रानातले अस्वल दिवसरात्र काहीतरी शोधत असते. आयते मिळाले की ते कंटाळते. नाचवलेल्या अस्वलाची आणखी एक गोष्ट आहे. दोरी सुटून महिने झाले तरी ते जागच्या जागी डुलत राहते, नाहीतर गोल गोल फिरते. त्याच्या मनातून भय जात नाही. म्हणून सेवक लाकडाच्या ओंडक्याला भोके पाडतात आणि आत मध लावतात. टायर टांगतात. दगडाखाली फळे लपवतात. माचीसारखे झुले बांधतात. उन्हाळ्यात फळे घालून बर्फ गोठवतात. अस्वल हुंगते, खणते, ओढते, आणि त्या वेळेपुरते डुलणे विसरते. सेवकाने कुंपणाबाहेर उभे राहून पाहायचे. एवढेच त्याचे बक्षीस.

हात का लावायचा नाही? एक तर ते रानातले बळ आहे. एका फटक्यात माणूस जायबंदी होतो. दुसरे, माणसाचा रोग जनावराला आणि जनावराचा माणसाला लागतो. आणि तिसरे कारण आम्हाला सर्वांत मोठे वाटते. जन्मभर माणसाने त्याला आपल्या हौसेसाठी हाताळले. आता तरी त्याला न हाताळणे, हाच त्याचा मान. सेवा म्हणजे लाड नव्हे. ज्याची सेवा करायची त्याला काय हवे, ते पाहणे म्हणजे सेवा. आपल्याला काय आवडते ते करणे ही हौस झाली.

दरवेशाचे काय झाले

अस्वल घेतले आणि धन्याला वाऱ्यावर सोडले, असे केले असते तर त्याने दुसरे पिलू चोरले असते. म्हणून संस्थेने त्याच्याकडून लिहून घेतले की पुन्हा अस्वल धरणार नाही, आणि बदल्यात नव्या धंद्याला भांडवल दिले. कोणी रिक्षा घेतली, कोणी दुकान टाकले. बाया शिवणकाम शिकल्या. मुले शाळेत गेली. काही कलंदर तर त्या अस्वलघरातच राखणदार झाले. काल ज्याच्या हातात दोरी होती, त्याच्याच हातात आज लापशीचे भांडे आहे. आम्हाला या साऱ्या हकिकतीत ही गोष्ट फार मोलाची वाटते. माणूस वाईट नव्हता. त्याला दुसरी वाट नव्हती.

माणूस उपाशी असताना हे कशाला?

आमच्याकडे कोणीतरी हटकून म्हणणार, "गुरुजी, माणूसले खावाले नही, आन् आस्वलले लापशी?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिले पाहिजे.

पहिले उत्तर आम्ही वर दिलेच. अस्वलाची दोरी सुटली म्हणून दरवेशाच्या पोराला पाटी मिळाली. दोघांची सुटका एकदमच झाली.

दुसरे उत्तर असे. अस्वल टेंभुर्णी, बोरे, जांभळे खाते आणि मैलोगणती हिंडते. त्याच्या विष्ठेतून बिया जागोजागी पडतात आणि रुजतात. म्हणजे अस्वल हे फुकटचे झाड लावणारे आहे. सातपुड्याचे रान टिकले तर ओढे टिकतील, आणि ओढे टिकले तर खाली तापीकाठच्या विहिरींना पाणी राहील.

तिसरे उत्तर साधे आहे. ही अस्वले आपण होऊन परावलंबी झाली नाहीत. माणसाने त्यांना तसे केले. ज्याने मोडले त्याने सांभाळावे, हा गावाचाच न्याय आहे.

आपल्या महाराष्ट्रात

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडच्या जंगलात हेमलकसा म्हणून ठिकाण आहे. तिथे बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी आमटे तिथे माडिया गोंडांची सेवा करायला राहिले. माडिया लोक भुकेपोटी शिकार करीत. आई मेली की पिले पोरकी होत. डॉक्टरांनी त्यांना सांगितले, पिले मारू नका, मला आणून द्या. मी त्याबदली धान्य देतो. अशी वानरे, हरणे, बिबटे, अस्वले जमली आणि जनावरांचे अनाथालय उभे राहिले. २००८ साली या पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टर जनावरांजवळ जात, पण त्यामागे त्यांचा जन्मभराचा सहवास होता. पाहुण्याने त्यांचे पाहून हात घालू नये.

नागपूरजवळ गोरेवाडा येथेही जखमी आणि पोरक्या वन्यप्राण्यांसाठी केंद्र आहे. तिथल्या प्राणिउद्यानाची सफारी २०२१ साली सुरू झाली. तिथे अस्वले पाहता येतात.

आपण काय करावे

आग्र्याला किंवा नागपूरला जाणे प्रत्येकाला जमणार नाही. पण घरी राहूनही अस्वलाची चाकरी करता येते. खरे तर हीच मोठी चाकरी, कारण रानातले अस्वल रानात सुखी राहिले तर त्याला अस्वलघराची गरजच पडणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांची शेते आहेत, ज्यांचे सोयरे डोंगरात राहतात, त्यांनी एवढे करावे:

१. मोहाची फुले वेचायला पहाटे एकटे जाऊ नये. चार जणांनी मिळून, बोलत, काठी आपटत जावे. मंद नजरेचे अस्वल अचानक माणूस दिसला की भिऊन अंगावर येते. आधी आवाज ऐकला तर बहुधा आपण होऊन निघून जाते.

२. मोहाखालचा पाला पेटवू नये. त्यातून वणवा लागतो.

३. अस्वलाचे पिलू एकटे दिसले तर उचलू नये. आई जवळच असते. आलो त्या वाटेने मुकाट्याने मागे फिरावे.

४. समोर अस्वल दिसले तर पळू नये, दगड मारू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. अंगावर आलेच तर पालथे पडावे आणि दोन्ही हातांनी मान झाकावी.

५. उघड्या विहिरीला कठडा बांधावा. रात्री पाण्याच्या वासाने येणारे जनावर विहिरीत पडते. तसे पडलेच तर गर्दी करू नये, वनखात्याला कळवावे. वनखात्याचा मदतीचा क्रमांक १९२६ आहे.

६. अस्वलाने माणसाला जखमी केले तर आधी दवाखाना, आणि लगेच वनखात्याला खबर. सरकार त्याची भरपाई देते. ती मागणे हा आपला हक्क आहे.

७. अस्वलाचा केस, नख, पित्त कोणी विकायला आणले तर घेऊ नये. ताइतातल्या केसाने कोणाची दृष्ट उतरत नाही. घेणारा नसेल तर मारणाराही राहणार नाही.

२०२२ सालापासून १२ ऑक्टोबर हा दिवस जगभर या अस्वलाचा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी आपल्या वाचनवर्गात हा धडा मोठ्याने वाचावा. ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांनाही ऐकवावा. आणि गावात उघडी विहीर कोणती आहे ते त्याच दिवशी पाहून यावे. एका विहिरीला कठडा झाला तरी तेवढी चाकरी पुरी झाली, असे आम्ही समजू.